मुळाशी बिऱ्हाड

आत्ती अंबाबाईच्या दर्शनाला आली की देवळातनं तिचे पाय थेट माझ्या घराकडं वळतात आणि बसायच्या आधी ती पिशवी रिकामी करते. कधी जोंधळ्याचं पीठ, कधी शेवग्याच्या शेंगा, हंगाम असेल तर वर्षभराच्या चटणीपुरती जवारी मिरची. गेल्या चैत्रात आली तेव्हा सगळ्यात शेवटी तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी काढली. अर्धी वापरलेली, तोंडाला रबर लावलेलं. आत राखाडी-पांढरी भुकटी. लेबलवर लालभडक मिरच्यांचा फोटो आणि खाली बारीक अक्षरात 'स्युडोमोनास फ्लुरोसन्स', म्हणजे बुरशी रोखणाऱ्या एका जिवाणूचं नाव. आदल्या पावसाळ्यात रानात मर, म्हणजे झाडं उभ्या उभ्या वाळायचा रोग, लागली तेव्हा दुकानदारानं दिलेली. आत्तीनं चिमूटभर भुकटी तळहातावर घेतली, अंगठ्यानं चोळली, नाकाशी नेली आणि विचारलं, "ह्यात जित्ते जीव हाईत म्हणत्यात. व्हय गं, पण ते जित्ते हाईत का मेल्यात, हे मी कशावरनं वळखायचं?"

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तेव्हा हा प्रश्न मला नाही तर कुणाला विचारायचा? मी तिला लेबल वाचून दाखवलं. एका ग्रॅममागं इतके कोटी जिवाणू, तयार केल्याची तारीख, वापरायची मुदत. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते त्येंनी लिवलंया. मी काय बघायचं?" मिरचीचं बी ती पाण्यात टाकून बघते, तरंगेल ते काढून टाकते. शेणखत मुठीत दाबून कुजलंय का नाही ते सांगते. पोत्यावर हात ठेवला की युरियाला ओल लागलीय का ते तिला कळतं. आयुष्यभर तिनं मातीत जे घातलं ते आधी हातानं, डोळ्यानं, नाकानं पारखून घातलं. आणि आता ही एक वस्तू अशी आली, की पैसे मोजून घ्यायची आणि दुसऱ्याच्या शब्दावर रानात ओतायची. ती गावाला गेली, पुडी माझ्या ओट्यावर राहिली, आणि तो प्रश्न काही केल्या डोक्यातनं जाईना.

चैत्र-वैशाख म्हणजे आमच्याकडं चटणीचे दिवस. गल्लीच्या टोकाचा डंक रात्री उशिरापर्यंत चालू असतो. लोखंडी मुसळं खाली आली की ठोका पायाखालच्या फरशीत जाणवतो. भाजलेलं खोबरं, धणे, लसूण आणि मिरची यांचा मिळून एक वास उठतो आणि रस्त्यानं जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढं जात नाही. डबे घेऊन रांगेत बसलेल्या बायकांचं एकच बोलणं. रंगाला ब्याडगी किती घातलीस, खरी संकेश्वरी मिळाली का, गडहिंग्लजच्या बाजारात भाव काय फुटला. मीही त्याच रांगेत असते. मिरचीच्या देठावरनं, सालीच्या जाडीवरनं, बिया किती खुळखुळतात त्यावरनं पारख करणाऱ्या आम्हा शहरातल्या बायकांना मिरचीचं झाड मरतं कसं, हे मात्र ठाऊक नसतं. भाव चढला की 'यंदा माल कमी आलाय' एवढंच कानावर येतं. माल कमी आला, म्हणजे कुणाच्या तरी रानात फळावर आलेली झाडं गेली, हे त्या रांगेत कधीच बोललं जात नाही.

आत्तीचं रान गडहिंग्लज तालुक्यात, हिरण्यकेशीच्या काठापासून जरा चढावर. वरचा तुकडा तांबूस, मुरमाड, पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी पाय न रुतणारा. खालचा काळा, ओल धरून बसणारा. लहानपणी थंडीत तिथं गेलं की खळ्यावर मिरची पसरलेली असायची. सकाळच्या दहिवरानं ती मऊ पडलेली असायची, दुपारी उन्हात कडक व्हायची आणि हात लावला की खडखडायची. आम्ही पोरं त्याच हातानं डोळे चोळायचो आणि रडत आजीकडं पळायचो. आजी पुढच्या सालाचं बी धरण्यासाठी झाडं निवडून ठेवायची, त्यांना लाल चिंधी बांधायची. मेलेली झाडं उपटून बांधावर टाकलेली असायची. ती का मेली, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. काही झाडं जायचीच, तेवढं धरूनच जास्तीची लावलेली असायची.

आता तसं धरून चालत नाही. बी, मजुरी, खत, फवारणी, सगळंच महाग झालंय आणि जायचं प्रमाणही वाढलंय, असं आत्तीचं म्हणणं.

त्या आदल्या भाद्रपदात मी चार दिवस तिच्याकडं होते. मर आधी चाहूल देते. भर दुपारी एखाद्या झाडाची पानं माना टाकतात, ऊन उतरलं की परत ताठ होतात. नवख्या माणसाला वाटतं पाण्याचा ताण पडला, म्हणून तो आणखी पाणी सोडतो. असं दोन-चार दिवस चालतं आणि मग एका संध्याकाळी पानं उठतच नाहीत. खालची पिवळी पडतात, कडा वर वळतात. आणि मिरच्या तशाच लोंबत राहतात, हिरव्या, भरल्या अंगाच्या. काही तर अवेळीच लाल होतात. मला सगळ्यात जिव्हारी लागलं ते हेच. शेजारची दोन झाडं हिरवीगार, आणि मधलं एक फळांसकट उभ्या उभ्या वाळलेलं. आत्ती त्याला 'झाड बसलं' म्हणते. तिनं ते उपटलं, बुडख्यापाशी विळ्यानं तिरकी साल सोलली आणि खोड माझ्यापुढं धरलं. साल अजून हिरवी, मधला गाभा पांढरा, आणि दोन्हींच्या मधनं एक तपकिरी पट्टी वरपर्यंत चढत गेलेली. तिनं नखानं ती पट्टी खरवडली. "हितनं वर पाणी चढत न्हाई," ती म्हणाली.

पुस्तकात यापेक्षा नेमकं काही लिहिलेलं नाही. फ्युजारियम ऑक्सिस्पोरम नावाची बुरशी मुळाच्या कोवळ्या टोकातनं किंवा एखाद्या बारीक जखमेतनं आत शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत पसरते. झाडही गप्प बसत नाही. तिला अडवण्यासाठी ते स्वतःच त्या नळ्यांत डिंकासारखे पदार्थ सोडतं, आणि त्यात पाण्याची वाट आणखी तुंबते. पायाखाली माती ओली, आणि झाड तहानेनं जातं. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनी आधीच भोकं पाडून ठेवली असतील तर बुरशीला दार उघडंच मिळतं. अमोनियाच्या रूपातला नत्र फार झाला की हा रोग बळावतो, हेही बऱ्याच पिकांत दिसून आलंय. झाड मेल्यावर बुरशी जाड भिंतीचे बीजाणू करून मातीत पडून राहते आणि पुढं कित्येक वर्षं मूळ जवळ यायची वाट बघते. त्यामुळं यंदा उपटून टाकलं म्हणजे सुटलं, असं होत नाही.

पण तपकिरी पट्टी दिसली म्हणून लगेच फ्युजारियमवर बोट ठेवता येत नाही. राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूनं येणाऱ्या मरीतही खोड आतनं तपकिरी पडतं. ते ओळखायची एक साधी रीत आहे आणि ती आम्ही आत्तीच्या सोप्यातच केली. बोटभर लांबीचा खोडाचा तुकडा ताजा कापायचा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्यायचं आणि कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा तो दोऱ्यानं टांगून ठेवायचा. जिवाणूची मर असेल तर काही मिनिटांत त्या टोकातनं दुधी रंगाच्या तारा पाण्यात खाली उतरायला लागतात. आम्ही चुलीशेजारी ग्लास ठेवून बघत बसलो. आत्ती, तिची सून, शेजारची एक काकू आणि मी. पाणी नितळ राहिलं. वरच्या तुकड्यातली मर तरी बुरशीचीच होती. खालच्या काळ्या तुकड्यातनं आणलेल्या झाडाची गोष्ट निराळी निघाली. त्याचा बुडखा मातीलगत काळा पडून आत दबलेला, मुळ्या कुजलेल्या, बोटानं ओढली की साल निसटून हातात यायची. ही फायटोफ्थोराची खूण. न्यू मेक्सिकोतल्या मिरचीवर सापडलेल्या या रोगाचं वर्णन लिओनियननं १९२२ साली केलं आणि जातीला मिरचीचंच नाव दिलं, 'कॅप्सिसी'. दिसायला बुरशी, पण कुळानं ती खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळांच्या एका शाखेला जवळची. म्हणूनच 'मर' म्हटलं की दुकानात जे कार्बेन्डाझिम नावाचं बुरशीनाशक हातात ठेवतात, त्याचा हिच्यावर उपयोग होत नाही. एका बाईच्या एका रानात, पन्नास पावलांच्या अंतरावर, दोन वेगळी मरणं. दोन्हींवर दुकानातनं त्याच पुड्या आल्या होत्या.

जिवाणूंनी बुरशी रोखायची ही कल्पना मला पहिल्यांदा पटली ती शिवाजी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, शिकत असताना. बुरशी वाढवायची, बटाट्याच्या काढ्याची बशी. तिच्या एका कडेला फ्युजारियमचा ठिपका ठेवायचा, दुसऱ्या कडेला बॅसिलस नावाच्या जिवाणूची रेघ ओढायची, आणि बशी झाकून ठेवायची. बुरशी कापसासारखी पांढरी पसरत येते, मधे मधे गुलाबी-जांभळट झाक. रेघेच्या अलीकडं ती थबकते. मधे एक स्वच्छ, रिकामा पट्टा राहतो. तिकडून कुणी हात लावलेला नाही, भिंत नाही, काही दिसत नाही, आणि तरी ती पुढं सरकत नाही. त्या पट्ट्याकडं मी किती वेळ बघत बसले होते. पुढं किंग्ज बी नावाच्या माध्यमावर वाढवलेला स्युडोमोनास अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरला, तेव्हा अख्खी बशी पिवळसर हिरवी उजळली. आजही पोरांना हे दाखवताना मी आधी काही सांगत नाही. नुसता दिवा लावते. वर्गातनं जो आवाज उठतो त्यासाठी मी हा विषय शिकवते, असं म्हटलं तरी चालेल.

ती चमक पायोव्हर्डिन या द्रव्याची. आणि हेच द्रव्य त्या जिवाणूचं एक हत्यार आहे. मातीत लोह भरपूर असतं, आमच्या तांबड्या मातीचा तर रंगच त्याचा, पण ते विरघळलेल्या रूपात फार थोडं मिळतं. स्युडोमोनास पायोव्हर्डिन बाहेर सोडतो, ते लोहाला घट्ट धरतं आणि परत त्याच्याकडंच येतं. शेजारी रुजू पाहणाऱ्या फ्युजारियमच्या बीजाणूला लोह कमी पडतं आणि त्याचा कोंब तिथंच अडतो. लोहाची ही ओढाताण हे जिवाणू झाडाला मदत करतात त्यामागचं एक कारण असल्याचं १९८० साली कॅलिफोर्नियातल्या क्लोपर, श्रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. बॅसिलसची रीत वेगळी. तो इट्युरिन, फेन्जायसिन असले स्निग्ध पदार्थ तयार करतो आणि ते बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतात. बशीतल्या त्या रिकाम्या पट्ट्यामागं तेच असतात.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते तिसरंच. १९९१ साली नेदरलँड्समध्ये कार्नेशन या फुलझाडावर एक प्रयोग झाला. मुळांना स्युडोमोनास लावला आणि फ्युजारियम थेट खोडात टोचलं. जिवाणू खाली, बुरशी वर, दोघांची गाठ पडायचा संबंधच नाही. तरीही त्या झाडांत मर कमी आली. म्हणजे मुळाशी असलेल्या जिवाणूच्या नुसत्या सहवासानं झाडच सावध झालं होतं. त्यानं स्वतःची लढाई स्वतः लवकर सुरू केली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

मुळाभोवतीची काही मिलिमीटर माती ही बाकी मातीसारखी नसते. १९०४ साली हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञानं तिला 'रायझोस्फिअर' असं नाव दिलं. झाड उन्हातनं जे कमावतं त्यातला चांगला मोठा वाटा मुळावाटे बाहेर सोडतं, साखरा, आम्लं, अमिनो आम्लं, आणि त्यावर जिवाणूंची वस्ती उभी राहते. आपण पुडीतनं सोडतो ते जिवाणू इथं येऊन राहावेत अशी आपली इच्छा असते. म्हणजे हे भाड्याच्या घरात बिऱ्हाड थाटण्यासारखं आहे. आधीचे शेजारी असतात, त्यांच्यात जागा मिळवावी लागते, पाणी लागतं, खायला लागतं, स्थिरस्थावर व्हायला वेळ लागतो. आणि रसायन फवारून जसा दुसऱ्या दिवशी फरक दिसतो तसा इथं दिसत नाही.

दक्षिण फ्रान्समध्ये शातोरनार नावाच्या गावाच्या परिसरात अशी माती सापडली, की तिथं फ्युजारियम असूनही खरबुजाला मर लागत नसे. संशोधकांनी ती माती तापवली तर तिचा हा गुण गेला. न तापवलेली थोडी माती दुसऱ्या रोगट मातीत मिसळली तर तिच्यात तो गुण आला. तो गुण मातीतल्या जिवंत वस्तीचा होता, त्यात रोग न करणाऱ्या फ्युजारियमच्याच भाऊबंद जाती होत्या आणि स्युडोमोनासही होते. अशी माती पुडीत भरून विकता येत नाही. ती वर्षानुवर्षं पोसावी लागते. मला आमच्या जिल्ह्यातल्या मातीची काळजी वाटते ती या ठिकाणी. उसाच्या मागं लागून आपण तिला किती पाणी आणि किती युरिया पाजला, आणि शेणखताची गाडी बांधावर यायची कधी बंद झाली, हे ज्याचं त्याला माहीत आहे.

आपला कायदाही या जिवाणूंकडं औषध म्हणूनच बघतो. त्यांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते. दुकानातही त्यांची जागा विषारी औषधांच्याच फळीवर. आणि विकलेही तसेच जातात, रोग दिसल्यावर. झाडं माना टाकायला लागली की माणूस घाबरून दुकानात जातो, दुकानदार एक पुडी जिवाणूंची देतो, एक तांबेयुक्त बुरशीनाशकाची, आणि दोन्ही एकाच दिवशी एकाच टाकीत कालवून आळवणी होते, म्हणजे झाडांच्या बुडाशी ओतलं जातं. तांबं बुरशीबरोबर जिवाणूलाही मारतं. आत्तीच्या रानात आदल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं. ज्या झाडाच्या नळ्या तुंबल्या ते कुठल्याही जिवाणूनं परत उठत नाही. त्यांचं काम बी रुजायच्या आधी सुरू व्हावं लागतं. किलोभर बियाला दहा ग्रॅम पुडी चोळून सावलीत सुकवायची. रोप लावताना मुळं जिवाणूंच्या पाण्यात बुडवून ठेवायची. हेक्टरी अडीच किलो पुडी पन्नास किलो मुरलेल्या शेणखतात मिसळून लावणीच्या वेळी मातीत द्यायची. वाफसा असताना, ऊन उतरल्यावर. म्हणजे रोगाचं नावनिशाण नसताना पैसे खर्चायचे आणि झाडं मेली नाहीत तर ती जिवाणूंमुळं मेली नाहीत असं समजायचं. हातावर पोट असलेल्या माणसाकडं हे मागणं सोपं नाही. मी आत्तीला हे सांगताना माझाच आवाज खाली गेला.

तर ती पुडी. ओट्यावरनं उचलून मी ती कॉलेजात नेली. आत्तीच्या भाच्याकरवी त्याच दुकानातनं आणखी दोन मागवल्या, एक न फोडलेली स्युडोमोनासची आणि एक बॅसिलस सबटिलिसची, त्याच पत्र्याच्या छपराखालच्या, त्याच फळीवरच्या. एक ग्रॅम भुकटी नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात, त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नऊमध्ये, असं करत करत पातळ करत जायचं आणि प्रत्येक पायरीचं थोडं पाणी बशीवर पसरायचं. तीसपासून तीनशेपर्यंत ठिपके येतील ती बशी मोजायची. प्रत्येक ठिपका म्हणजे पुडीतला एक जिवंत जीव, किंवा एकमेकांना चिकटून राहिलेला एखादा पुंजका. तिसऱ्या वर्षाच्या पोरींनी मोजायला घेतलं. आत्तीची अर्धी पुडी जवळजवळ गेलेलीच होती. दिव्याखाली इकडं तिकडं तुरळक हिरवे ठिपके, बाकी दुसरेच काहीबाही वाढलेलं. न फोडलेल्या पुडीत चमकणारे होते, पण लेबलवरच्या आकड्याच्या जवळपासही नव्हते. दोष बनवणाऱ्याचा, ट्रकातल्या उन्हाचा का दुकानातल्या पत्र्याचा, हे एका पुडीवरनं ठरवता येत नाही, म्हणून नाव लिहीत नाही. बॅसिलसच्या पुडीचं पाणी मात्र आम्ही ८० अंशाला दहा मिनिटं तापवून मग पसरलं, तरी बशी भरून ठिपके आले. मळकट पांढरे, सुरकुतलेले, कडा वेड्यावाकड्या.

यात चमत्कार काही नाही. गवताचा काढा उकळला तरी त्यात पुन्हा जीव कुठनं येतो, याचा शोध घेताना फर्डिनंड कोहननं १८७६ साली बॅसिलसचे बीजाणू पाहिले आणि ते उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत हे सांगितलं. परिस्थिती वाईट झाली की बॅसिलस जाड कवचात शिरून निजतो. स्युडोमोनासला हे जमत नाही. तो ओलाव्यात जगणारा. कोरड्या भुकटीत, एप्रिलच्या उन्हात, महिन्यामहिन्यानं तो कमी कमी होत जातो. कागदावर दोघेही 'जैविक', दोघांच्या पुड्या सारख्याच, पण एकाला सावलीची आणि ताजेपणाची जितकी गरज, तितकी दुसऱ्याला नाही.

आत्तीला फोन केला. म्हटलं, "आत्ती, तुझ्या पुडीतले बरेचसे मेलेले निघाले." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलंच हुतं गं. पर म्हणून सगळंच खोटं न्हवं न्हवं?" मी तिला सांगितलं की हातानं, नाकानं हे ओळखायची सोय खरंच नाही. तिला बघता येईल ती तारीख, पुडी कुठं ठेवलेली होती ती जागा, आणि आपण आणल्यावर कुठं ठेवतो ते. उन्हाळ्यात साठवून ठेवायची नाही. पेरायच्या आधी आठवडाभरात घ्यायची. एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही आणि माझंही झालं नाही. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती लिहिलेली असते आणि ती शेतकऱ्याला घरी ओल्या फडक्यात तपासता येते. या पुड्यांसाठी तशी सोय तालुक्याच्या गावी का असू नये? एक बशी, एक दिवा, मोजायला येणारी एक पोरगी. कृषी महाविद्यालयं आहेत, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी कॉलेजं गावोगाव आहेत, प्रयोगवह्या भरण्यासाठी आमच्या पोरी दरवर्षी तोच तो प्रयोग करतात. आता आमच्या वर्गात ज्या पोरी खेड्यातनं येतात, त्या आपापल्या गावच्या दुकानातली पुडी घेऊन येतात आणि तीच मोजतात. कागलची एक पोरगी निकाल घेऊन वडिलांबरोबर दुकानात गेली, आणि दुकानदारानं पुड्या पत्र्याखालनं काढून मागच्या थंड खोलीत ठेवल्या. मला तेवढ्यानंही फार बरं वाटलं.

ज्येष्ठात आत्तीनं गादीवाफ्यावर तरू टाकलं. गुळाच्या गार पाण्यात ताजी पुडी कालवून बियाला चोळली, सुपात पसरून सोप्यात सुकवली. लावणीला शेणखत मुरवून घेतलं. चार सऱ्या तिनं मुद्दाम तशाच सोडल्या, काही न घालता. मी सांगितलं नव्हतं. "त्याबिगर कळायचं कसं?" एवढंच म्हणाली. भाद्रपदात गेले तेव्हा वरच्या तुकड्यात मर होती, पण विरळ. सोडलेल्या सऱ्यांत डोळ्याला दिसेल इतकी जास्त. पाऊस यंदा बेतानं होता, बी निवडलेलं होतं, युरिया तिनं हात राखून टाकला होता, त्यामुळं सगळं श्रेय जिवाणूंच्या पदरात घालायला माझी जीभ रेटत नाही. तरी त्या सऱ्यांच्या मधे उभं राहून दोन्हीकडं बघताना जे वाटलं ते मी प्रयोगशाळेत कधी अनुभवलं नव्हतं.

खालच्या काळ्या तुकड्यात मात्र काहीच चाललं नाही. दोन मोठे पाऊस झाले, पाणी दीड दिवस हललं नाही, आणि फायटोफ्थोरानं ओळीच्या ओळी नेल्या, पुडी घातलेल्याही आणि न घातलेल्याही. पाण्यात पोहत जाणारे बीजाणू असलेला रोग तो. पाणी साचलं की त्याला मोकळं रान. तिथं आधी निचरा लागतो, मग बाकीचं. आत्तीच्या थोरल्यानं 'दुसरी, महागातली पुडी मिळत्या' म्हणून सांगितलं तेव्हा तिनंच ती नको म्हटलं. खालच्या अंगाला चर काढायला येत्या मृगाच्या आधी माणूस सांगितलाय. चर होईतोवर त्या तुकड्यात भात टाकायचं ठरलंय. मिरचीचे पैसे तेवढे बुडणार आहेत, आणि ते कुठनं भरून काढायचे याचा हिशेब अजून बसलेला नाही.